लहान लिपीची सक्ती कोणावर?

मोबाइलच्या ॲपमध्ये नाव नोंदविताना ‘फक्त लहान लिपीतील अक्षरे वापरा’ अशी तांबडी सूचना ज्याच्या वाट्याला आली नाही, असा शिक्षक, कारकून वा विद्यार्थी आज विरळाच. यूजरनेम लिहावयास घ्यावे, तर कळफलक पुष्कळदा पहिले अक्षर आपण होऊन मोठ्या लिपीत उमटवितो. आणि त्याच फोनमधील ॲप तेच अक्षर चूक म्हणून परत करते. चूक यंत्राची, दंड मात्र माणसाला, असा हा प्रकार आहे. बाब क्षुल्लक दिसते. परंतु नियम पाळण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा सार्वजनिक व्यवहारातील जुना प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेदच नाही. तो रोमन लिपीचा. इंग्रजी छापखान्यांत मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या केसमध्ये व लहान अक्षरांचे खालच्या केसमध्ये ठेवीत. ‘अपर केस’ व ‘लोअर केस’ ही नावे त्यावरूनच पडली. वाचणाऱ्याला दोन्ही अक्षरे एकच वाटतात, संगणकाला मात्र ती वेगळी. ‘आस्की’ या संकेतप्रणालीत मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, तर लहान ‘ए’चा ९७. त्यामुळे एकाच व्यक्तीने आपले नाव एकदा मोठ्या व एकदा लहान अक्षराने लिहिले, तर निष्काळजीपणे रचलेल्या व्यवस्थेत तिची दोन खाती उघडतात, अथवा असलेले खाते सापडत नाही. तेव्हा नोंदीत एकरूपता हवी, याविषयी दुमत नाही.

प्रश्न आहे तो ती कोणी साधावयाची हा. अक्षरांचे रूपांतर करण्याचे काम प्रोग्रॅमरला एकदाच करावे लागते, आणि ते एखाद्या ओळीचे असते. ते टाळून सूचना दाखविली आणि एक लाख लोकांचे प्रत्येकी अर्धे मिनिट गेले, तर आठशेहून अधिक तास वाया जातात. हा खर्च कोणाच्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणूनच तो सहज लोकांवर ढकलला जातो. पॅन क्रमांकाच्या रकान्यात मोठ्या अक्षरांचा आग्रह धरला जातो, तेथेही हाच न्याय लागू पडतो.

तथापि यंत्राने जबाबदारी घ्यावयाची ती नीट घेतली पाहिजे. रकान्यातील अक्षरे केवळ दिसावयास लहान करणारी एक सोपी युक्ती वेबपानांत वापरली जाते; तिने पडद्यावरचे रूप बदलते, नोंद मोठ्या लिपीतच राहते. टंकन चालू असताना प्रत्येक अक्षरागणिक मजकूर बदलू लागल्यास कर्सर भलतीकडे उडण्याचा संभव असतो. कळफलकाचे आपोआप मोठे अक्षर देणे त्या रकान्यापुरते बंद करावे आणि नोंद पाठविताना एकदाच रूपांतर करावे, हा त्याहून सरळ मार्ग. ते रूपांतरही एका ठरावीक नियमानेच व्हावे, फोनच्या भाषेनुसार नव्हे. तुर्की नियमाने मोठ्या ‘आय’चे लहान रूप टिंबाविना होते, आणि तेवढ्याने नाव जुळेनासे होते.

शिवाय एकरूपतेलाही मर्यादा आहेत. पासवर्डमधील भेद पुसणे हे सुरक्षिततेलाच सुरुंग लावणे होय. केवळ रोमन अक्षरांच्या आठ अक्षरी पासवर्डच्या शक्यता त्यामुळे २५६ पटींनी घटतात. माणसाचे स्वतःचे नाव तर त्याने लिहिले तसेच राहिले पाहिजे. शोधापुरते त्याचे दुसरे रूप व्यवस्थेने आपल्यापाशी ठेवावे.

खिडकीवरचा कारकून क्षुल्लक कारणासाठी अर्ज परत करी, तेव्हा त्याच्याशी निदान दोन शब्द बोलता येत. तांबड्या सूचनेशी वाद घालता येत नाही. म्हणूनच शिस्त प्रथम यंत्राला लावली पाहिजे. जे काम यंत्राला बिनचूक करता येते, त्यासाठी नागरिकाला वेठीस धरणे ही कार्यक्षमता नव्हे.