जुन्या रायफलीचा जीर्णोद्धार

बी. एस. ए. हीं तीन अक्षरें वाचलीं कीं आमच्या बहुतेक वाचकांस सायकल आठवेल. परंतु त्या सायकलीच्या जुन्या बिल्ल्यावर एकमेकींस टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका कां असाव्यात, हा प्रश्न फार थोड्यांनीं स्वतःस विचारला असेल. उत्तर त्या अक्षरांतच आहे. 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' ही कंपनी १८६१ मध्यें निघाली ती बंदुका करण्यासाठीं; सायकली मागाहून आल्या. आमच्या घरीं या कंपनीचीं दोन्हीं अपत्यें नांदलीं. सायकल थोरल्या बंधूंनीं केव्हांच मोडीत घातली. रायफल मात्र काकांनीं जपली, आणि त्यांच्या पश्चात् रीतसर परवाना होऊन ती माझ्याकडे आली.

जपली म्हणजे काय केलें, तें सांगण्यासारखें आहे. वर्षांतून एकदां, खंडेनवमीस, ती पाटावर मांडावयाची. गंध, हळदकुंकू आणि झेंडूचीं ओलीं फुलें वाहावयाचीं. आणि दुसरे दिवशीं तशीच कापडांत गुंडाळून कपाटांत ठेवावयाची. पूजेस माझी हरकत नाहीं. परंतु ओल्या फुलाचा देठ जेथें जेथें पोलादास टेकला, तेथें तेथें एकेक तांबूस ठिपका कायमचा बसला आहे. पूजेनंतर कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा हात फिरविण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नसावी!

ही रायफल ०·२२ बोअरची, मार्टिनी पद्धतीची, एका वेळीं एकच काडतूस घेणारी आहे. खालचा दांडा ओढला कीं आंतील पोलादी ठोकळा पुढच्या अंगानें खालीं झुकतो व काडतुसाचें घर उघडें पडतें. दांडा मिटला कीं तोच ठोकळा बाटलीच्या बुचाप्रमाणें पाठीमागून घट्ट बसतो. १८७१ मध्यें ब्रिटिश लष्करानें स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची ही धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं. काडतूस मात्र अगदीं निराळ्या जातीचें. मोठ्या रायफलीच्या काडतुसास तळाच्या मध्यभागीं टोपी असते. ०·२२ च्या काडतुसास टोपीच नाहीं. पेट घेणारें मिश्रण पितळी तळाच्या पोकळ कडेंत भरलेलें असतें, आणि रायफलीची पिन त्या कडेवर टोला हाणून ती कड घराच्या कांठावर चिरडते. फ्रान्समध्यें फ्लोबेर यांनीं १८४५ मध्यें ही युक्ति काढली, १८५७ मध्यें अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं ती सुधारली, आणि आज सर्वत्र चालणारें 'लाँग रायफल' काडतूस १८८७ पासून प्रचारांत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत कोल्हापूरकडील स्वप्निल कुसाळे यांनीं पन्नास मीटरच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तें याच काडतुसावर.

या रचनेंतच अशा रायफलीच्या झिजेचें मर्म आहे. पिन आणि घराचा कांठ एकमेकांच्या समोरासमोर असतात, व मध्यें पितळेची पातळ कड तेवढी असते. काडतूस नसतांना चाप ओढला तर मधला हा पंच नाहींसा होतो आणि पोलाद पोलादावर आदळतें. पिनचें टोंक बोथट होतें, आणि कांठावर खांच पडून धातूचा बारीकसा उंचवटा आंत सरकतो. आमच्या घरीं आलेल्या प्रत्येक पाहुण्यानें रायफल हातीं घेऊन, एक डोळा मिटून, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरून रिकामा चाप ओढलेला आहे. पन्नास वर्षांचे पाहुणे एकत्र केले तर हिशेब लहान होत नाहीं.

रायफल-क्लबच्या मैदानावर मी ती प्रथम चालविली ती मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं. दहांपैकीं सहा काडतुसें उडालींच नाहींत. काडतूस न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट स्वस्थ थांबावें, कारण क्वचित् बार उशिरां होतो. हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें मैदानावर जाऊं नये. एका कारागिरास दाखविली, तेव्हां त्यानें नळीकडे पाहून "ही बदलून टाका" असा सल्ला दिला. सुदैवानें त्यानें सांगितलेली किंमत मला परवडण्यासारखी नव्हती. पुढें वैशाखांत तीच रायफल पुन्हां नेली, तों दहांपैकीं आठ बार झाले! नळी तीच, काडतुसें त्याच खोक्यांतलीं. मग ऋतूप्रमाणें बदलणारा हा रोग कोणता?

दुसरा एक वयस्क, परवानाधारक कारागीर भेटला. त्यानें एक खीळ काढून सगळी यंत्रणा एकगठ्ठा खालीं उतरविली (या लहान मार्टिनीची ही मोठीच सोय आहे), ठोकळ्यांतील पिन व स्प्रिंग बाहेर काढली, आणि बोट नाकाशीं नेऊन हंसला. काकांनीं तेल म्हणून खोबरेल घातलें होतें! खोबरेल थंडींत थिजतें हें घरांतल्या लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु तें रायफलीच्या पोटांतही थिजेल, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें. थिजलेल्या तेलांतून वाट काढतां काढतां पिनचा जोर अर्धा होत असे.

सफाई झाल्यावरही दहांपैकीं दोन काडतुसें मुकीं राहूं लागलीं, तेव्हां खरी तपासणी सुरू झाली. ती कोणासही करतां येते. झडलेलीं टरफलें ओळीनें मांडून भिंगांतून त्यांच्या कडेवरील खुणा पाहाव्यात. खूण पुरेशी रुंद पण उथळ असेल तर स्प्रिंग थकलेली आहे. खूण वेडीवांकडी असेल तर पिनचें टोंक गेलें आहे. आमच्याकडे दोन्हीं होतें. स्प्रिंग ही स्वस्त वस्तु. ती प्रथम बदलावी. पिन मात्र नवी घडवावी लागली, कारण कंपनी आतां हे भाग करीत नाहीं. ती घडवितांना पोलाद कठीण करून पुन्हां किंचित् उतरवावें लागतें. अति कठीण राहिली तर मोडते, मऊ राहिली तर टोंक पसरतें. टोंकास धारदार कोपरे राहूं देऊं नयेत. या चिमुकल्या काडतुसांतही दर चौरस इंचास चोवीस हजार पौंडांपर्यंत दाब उत्पन्न होऊं शकतो. पिननें कड फोडली तर तो वायु मागें, डोळ्याच्या दिशेनें येतो. मी तेव्हांपासून चष्म्याशिवाय बार काढीत नाहीं.

कांठावरचा उंचवटा कानशीनें घासावयाचा नसतो. घासल्यानें धातु जाते व घर मोठें होतें. निमुळती, कठीण पोलादाची खुंटी आंत दाबून सरकलेली धातु मूळ जागीं परत बसवितात. तें झाल्यावर एक चमत्कार दिसला: रिकामें टरफल बाहेर ओढणारी आकडी झिजली आहे असें आम्ही समजत होतों, ती एकाएकीं बरोबर काम करूं लागली. दोष आकडीचा नव्हताच. टरफल उंचवट्यांत अडकत होतें.

राहिली नळी. शिशाच्या मऊ गोळीनें ०·२२ ची नळी फारच सावकाश झिजते. तिचे शत्रु दोन: जुन्या काडतुसांतील क्षार आणि सफाईचा गज. पूर्वीच्या मिश्रणांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा राहिलेला क्षार हवेंतील ओल शोषून पोलाद खाई, म्हणून उकळत्या पाण्यानें नळी धुवावी लागे. १९३० नंतर निर्धोक मिश्रणें रूढ होत गेलीं आणि हें संकट टळलें. गजाचें संकट मात्र उरलें. मार्टिनीची नळी बहुधा तोंडाकडूनच साफ केली जाते, व गज वांकडा चालला तर ज्या कांठावरून गोळी शेवटचा निरोप घेते तोच कांठ एका बाजूनें घासतो. आमच्या रायफलीचें तेंच झालें होतें. कारागिरानें तें तोंड नखाच्या जाडीइतकें कापून नीट केलें, आणि गोळ्या पुन्हां एका ठिकाणीं पडूं लागल्या. नळी आंतून खरोखरच खलास झाली असती, तर तिच्यांत नवी आंतरनळी बसविण्याचा मार्ग होता. इंग्लंडांत पार्कर-हेल या कंपनीनें तो धंदा एके काळीं पुष्कळ केला.

एक कायद्याची गोष्ट. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें सुटे भागही शस्त्रांतच मोडतात आणि दुरुस्तीचा धंदा परवान्यावांचून करतां येत नाहीं. पुसणें, तेल देणें, टरफलें तपासणें एवढें मालकाचें काम; पिन, स्प्रिंग व नळी हें परवानाधारक कारागिराचें. गल्लींतील लेथवाला कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे जाऊं नये.

जुनी पिन मीं एका लहान बाटलींत घालून, वर तारीख लिहून ठेवली आहे. आकडी अजून काकांच्या वेळचीच आहे. गेल्या खंडेनवमीस फुलें फक्त लांकडी दस्त्यावर वाहिलीं, आणि रिकामा चाप ओढूं इच्छिणाऱ्या पाहुण्यांसाठीं घड्याळाखालीं मुलांची खेळण्यांतली बंदूक टांगून ठेविली आहे.