हिरकणीचा कडा

गडावर दूध विकायला गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली, ही कथा आम्हा पोलादपूरकरांना पाठच असते. माझ्या बँकेचा दरवाजा कॅश टॅली होईपर्यंत उघडत नसे. तीन महिन्यांचे बाळ घरी, दुपारपर्यंत पदर ओला. शेवटी डब्याचे दूध आणले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तेच जास्त लागले.

पुढे 1992 च्या कायद्याने त्या डब्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. 2017 मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांची रजा 26 आठवडे झाली (मजुरीवर जाणारीला कुठली रजा?). एस.टी. स्थानकांत 'हिरकणी कक्ष' झाले.

परवा सूनबाईने विचारले, "आई, दूध पुरत नाही. डबा आणू?"

"आधी डॉक्टरांना दाखवू. लागलाच तर आणू. पाणी मात्र उकळून घे. आणि रडू नकोस."