रुपया सिंगापूरला कसा पोहोचतो?

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. समजा, तेथील एक मावशी सिंगापुरात शिकणाऱ्या भाचीला हजार रुपये भेट पाठवते. तिची एकही नोट समुद्र ओलांडत नाही. मग पैसे जातात कसे?

जातो तो फक्त निरोप! मावशीची बँक तिच्या खात्यातून हजार रुपये वजा करते आणि भाचीच्या बँकेला संदेश धाडते. तिकडे त्या वेळच्या दराने तितक्याच किमतीचे सिंगापुरी डॉलर भाचीच्या खात्यात जमा होतात. असे व्यवहार दोन्ही दिशांनी चालू असतात. त्यांचा हिशेब बँका आपापसांत मिटवतात.

नेहमीच्या पद्धतीत हा निरोप पुष्कळदा मधल्या बँकांमार्फत जातो आणि प्रत्येकीचे शुल्क पडते. एकूण शुल्क ५०० रुपये धरा. एक लाखाला ते अर्धा टक्का, पण हजाराला? चक्क निम्मे! लहान रकमेची अडचण नेमकी हीच.

ती कमी व्हावी म्हणून २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ या दोन यंत्रणा जोडल्या गेल्या. मधले टप्पे गळाले. ठरावीक बँकांच्या खातेदारांना मोबाइल क्रमांकावरूनही पैसे पाठवता येऊ लागले. आरंभी दिवसाची मर्यादा ६०,००० रुपये होती.

मात्र एक ध्यानात ठेवा. निरोप क्षणात पोहोचतो, म्हणून चुकलेला निरोप मागे घेणेही अवघड असते. पडद्यावरचे नाव नीट वाचावे, मगच बटण दाबावे.