मैदान आणि सत्ता (भाग ५) : गहुंज्यात फडकलेला जुना झेंडा

मावळ तालुक्यातल्या गहुंज्याच्या स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकातल्या श्रीलंकेविरुद्धच्या सामन्याआधी अफगाणिस्तानचे खेळाडू राष्ट्रगीताला उभे राहिले, ते काळ्या-लाल-हिरव्या झेंड्याखाली. काबूलच्या सरकारी इमारतींवरून तो झेंडा ऑगस्ट २०२१मध्येच उतरला होता. तिथे आता तालिबानचा पांढरा झेंडा आहे. गहुंज्यात राष्ट्रगीतही वाजले ते जुन्या प्रजासत्ताकाचेच. मग फझलहक फारुकीने चार बळी घेतले, श्रीलंकेचा डाव २४१ धावांत आटोपला आणि रहमत शाह, शाहिदी व ओमरझाई यांच्या अर्धशतकांनी सात गडी राखून विजय मिळवून दिला.

हुकूमशाही देशाचा संघ म्हणजे त्या राजवटीचा संघ, हा गैरसमज इथेच गळून पडायला हवा. ज्या झेंड्याला राजवटीने हद्दपार केले, त्याच झेंड्याखाली ही मुले खेळतात. डिसेंबर २०२४मध्ये मुलींचे वैद्यकीय शिक्षण बंद झाले, तेव्हा या संघातल्या रशीद खानने जाहीरपणे त्याला विरोध केला. पण म्हणून तालिबानला या विजयांचा उपयोग नाही, असेही नाही. जून २०२४मध्ये संघ टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी यांनी रशीदला व्हिडिओ कॉल करून अभिनंदन केले. झेंडा मान्य नाही, यश मात्र हवे आहे.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. खेळातून प्रचार करायचा तर जिंकावे लागते, असे आपण धरून चालतो. म्हणूनच १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकची गोष्ट कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्सची चार सुवर्णपदके आणि हिटलरची फजिती अशी सांगितली जाते. प्रत्यक्षात पदकतालिकेत जर्मनी ३३ सुवर्णपदकांसह पहिली होती. आणि हिटलरला पदकांहून मोठी गोष्ट मिळाली होती : पाहुण्यांचे समाधान. स्पर्धेपुरत्या ज्यूविरोधी पाट्या रस्त्यांवरून काढल्या गेल्या. शहरातल्या रोमा आणि सिंती कुटुंबांना उचलून मार्त्सान इथल्या छावणीत टाकले गेले. बर्लिनच्या उत्तरेला, ओरानियनबुर्गजवळ, त्याच उन्हाळ्यात साक्सेनहाउझेनची छळछावणी उभी राहत होती. पाहुण्यांनी पाहिले ते स्वच्छ, शिस्तबद्ध, हसतमुख शहर. जो यजमान असतो तो काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे ठरवतो. शर्यत कोणीही जिंको.

त्या पाहुण्यांत आपली माणसेही होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये हुतूतू आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ती पदकांच्या स्पर्धेबाहेर होती, त्यामुळे ‘कबड्डी तेव्हा ऑलिम्पिकमध्ये होती’ हे वाक्य जपून वापरावे. गुलाम देशातल्या आखाड्यातली पोरे जगापुढे उभी राहिली, याचा अभिमान रास्तच आहे आणि मलाही तो वाटतो. पण अशा प्रत्येक पथकाने यजमानाच्या चित्रात थोडा थोडा रंग भरला, हेही खरे.

हॉकीच्या अंतिम सामन्यात १५ ऑगस्टला भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. त्यानंतर हिटलरने ध्यानचंदांना जर्मन सैन्यात मोठे पद देऊ केले, हा किस्सा आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून व्हॉट्सॲपपर्यंत फिरतो. त्याला भक्कम समकालीन पुरावा नाही. ध्यानचंदांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. उलट हा किस्सा सांगताना आपण हिटलरला गुणांची कदर करणारा रसिक बनवतो, ते काम त्याच्या प्रचारखात्यानेही आनंदाने केले असते.

बर्लिनमध्ये विचारायला हवा होता तो प्रश्न सोपा होता : मैदानावर कोण नाही? ग्रेटेल बर्गमान ही उंच उडीतली ज्यू खेळाडू जर्मन विक्रमाची बरोबरी करूनही संघाबाहेर ठेवली गेली होती.

हाच प्रश्न गहुंज्याला लावला की अफगाण मुली आठवतात. अफगाणिस्तानला आयसीसीचे पूर्ण सदस्यत्व २०१७मध्ये मिळाले. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांच्या मंडळाने २५ महिला खेळाडूंना करारबद्ध केले. नऊ महिन्यांत तालिबान आले, महिलांचा खेळ बंद झाला आणि त्यातल्या बहुतेकींनी ऑस्ट्रेलियात आसरा घेतला. ऑस्ट्रेलियाने अफगाणिस्तानशी द्विपक्षीय मालिका टाळल्या, पण विश्वचषकात ७ नोव्हेंबर २०२३ला वानखेडेवर तो त्यांच्याशी खेळलाच. असा अर्धामुर्धा बहिष्कार पुरुष खेळाडूंना दुखावतो आणि मुलींच्या हाती काही देत नाही. माझ्या मते पुरुषांना बाहेर काढण्याऐवजी मुलींना आत घेणे हा उपाय आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर या निर्वासित मुली पहिल्यांदा एक संघ म्हणून खेळल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयसीसीने त्यांच्यासाठी मदत योजना जाहीर केली. भारतीय क्रिकेट मंडळ तिच्यात सहभागी आहे.

गहुंज्यात २०२२ची महिला टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धा झाली आहे. मैदान आहे, प्रेक्षक आहेत, आणि पुण्यात अफगाण विद्यार्थीही आहेत. भारतीय मंडळाने आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने या मुलींना एका सामन्यासाठी इथे बोलवावे, आणि मावळकरांनी तशी मागणी त्यांच्याकडे लेखी करावी.