घरांतील वजनकांटा

रेल्वे स्टेशनावरील त्या उंच, रंगीत यंत्राची आठवण आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस खचित असेल. त्यावर उभें राहून नाणें टाकलें कीं दिवे लुकलुकत, चाक फिरे आणि जाड कागदाचें एक लहानसें तिकीट बाहेर पडे. त्यावर वजन छापलेलें असे व सोबत भविष्याची एखादी ओळही असे. मुलांना त्याची मोठी मौज वाटे. तें वजन कितपत खरें, असें मात्र कोणी विचारीत नसे. आतां वजनाचें यंत्र पाटाएवढें होऊन घरोघरीं आलें आहे. हल्लीं त्याचा उपयोग केवळ मौजेपुरता राहिलेला नसल्यामुळें, तें कसें निवडावें व कसें पारखावें याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्या घरचाच अनुभव सांगतों. आजोबांचें हृदय अशक्त झाल्यावर डॉक्टरांनीं त्यांस रोज सकाळीं वजन करून वहींत टिपून ठेवण्यास सांगितलें होतें. अशा रुग्णाचें वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढलें, तर ती वाढ अन्नाची नसून शरीरांत सांठणाऱ्या पाण्याची असूं शकते, आणि तें डॉक्टरांस लगेच कळवावें लागतें. थंडीचे दिवस होते. आजोबांस गार फरशी सोसेना, म्हणून आम्हीं कांटा जाड गालिच्यावर ठेविला. त्या दिवसापासून वहींतील आकडे नाचूं लागले. आज ६१ किलो, उद्यां ६३, परवां ६०! आठवडाभरांत त्या आकड्यांवरील आमचा विश्वास उडाला. पुढें खरोखरच वजन वाढूं लागलें, तेव्हां तें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. आजोबांच्या चपला घट्ट होत आहेत, हें आजीनें ओळखलें आणि तिच्या आग्रहावरून आम्हीं त्यांस दवाखान्यांत नेलें. वेळ निभावली.

नवा कांटा आणावयास निघण्यापूर्वीं आम्हीं जुनाच फरशीवर ठेवून घरांतील सर्वांचें आळीपाळीनें वजन करून पाहिलें; तों प्रत्येकाचें वजन दर फेरीस तेंच येऊं लागलें. दोष कांट्याचा नव्हता, गालिच्याचा होता. पुन्हां पुन्हां विचारलें असतां जो तेंच उत्तर देतो, आणि ज्याची चूक किती हें आपणांस ठाऊक आहे, तो कांटा चांगला, हा धडा त्या दिवशीं आम्हांस मिळाला.

कांटा फसतो कसा, हें समजण्यास त्याची रचना थोडी जाणली पाहिजे. फिरत्या तबकडीच्या जुन्या कांट्यांत स्प्रिंग असते. भार जितका वाढेल तितक्याच प्रमाणांत स्प्रिंग ताणली जाते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १६७८ सालीं प्रसिद्ध केला. या कांट्यास बॅटरी लागत नाहीं. परंतु वर्षानुवर्षांच्या वापरानें स्प्रिंग सैलावते व आकडाही तिरपें पाहिल्यास चुकीचा दिसतो. विजेच्या कांट्यांत बहुधा चारही पायांशीं धातूची एकेक लहान पट्टी असते. भारानें ती किंचित् वांकते. तिच्यावर चिकटविलेल्या बारीक तारेचा किंवा पत्र्याचा विद्युत्-रोध त्यामुळें बदलतो आणि त्या बदलावरून वजन काढलें जातें. ही युक्ति १९३८ सालीं अमेरिकेंत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें शोधून काढली. गालिच्यावर हे पाय रुततात, तळ टेकतो, आणि कांहीं भार पट्ट्यांवर न पडतां परस्पर निघून जातो. सगळा भार चारही पायांवर सरळ पडला, तरच कांटा खरें बोलतो.

म्हणून नांवाप्रमाणें न्हाणीघरांत हा कांटा ठेवूं नये. आपल्याकडील न्हाणीघराची जमीन पाणी वाहून जावें म्हणून उतरती असते, आणि ओल्या पायांनीं कांचेच्या कांट्यावरून घसरण्याचें भय असतें. खोलींतील एखादी सपाट, न डुगडुगणारी फरशी निवडावी आणि कांट्याची जागा बदलूं नये. बदललीच, तर एकदां पाय टेकवून काढावा आणि शून्य आल्यावर मग चढावें.

आतां परीक्षेविषयीं. कित्येक विजेचे कांटे मागील वजन स्मरणांत ठेवतात, आणि नवें वजन त्याच्या जवळपास असलें तर जुनाच आकडा पुन्हां दाखवितात. अशा कांट्यावर एकाच मनुष्यानें दहा वेळां चढून कांहीं सिद्ध होत नाहीं. मध्यें दुसऱ्या कोणास चढवावें किंवा हातांत जड पिशवी घ्यावी, आणि मग पुन्हां एकटें चढावें. दुसरी परीक्षा खरेपणाची. कणकेची पांच किलोंची न फोडलेली पिशवी घेऊन चढावें व नंतर ती ठेवून चढावें. दोन आकड्यांतील अंतर पांच किलोंच्या आसपास आलें पाहिजे. मापाच्या भांड्यानें वीस लिटर पाणी बादलींत भरल्यास पाण्याचें वजन जवळ जवळ वीस किलो भरतें. बादलीचें निराळें काढून वजा करावें. तिसरी परीक्षा उभें राहण्याची: पाय थोडे पुढें-मागें सरकविले असतां आकडा फारसा बदलूं नये.

खरेदी करतांना मोठे, स्पष्ट आकडे, दोन्ही पाय नीट मावतील असा रुंद पृष्ठभाग आणि न घसरणारे पाय एवढें पाहावें. पन्नास ग्रॅमपर्यंत आकडा दाखविणारा कांटा पन्नास ग्रॅमपर्यंत खरा असतोच असें नाहीं. दिसतें तसें नसतें. शरीरांतील चरबी, हाडें व पाणी सांगण्याचा दावा करणारे कांटे तळपायांतून अगदीं सौम्य वीज सोडून अदमास बांधतात; पाणी कमी-अधिक प्यालें तरी तो अदमास हलतो. ज्यांच्या हृदयाशीं पेसमेकर बसविला आहे, त्यांनीं असे कांटे वापरूं नयेत. साध्या गृहस्थास या जादा कलांसाठीं जादा पैसे मोजण्याचें प्रयोजन नाहीं.

कांटा खरा असला, तरी शरीर स्थिर नसतें. पेलाभर पाणी प्यालें कीं पाव किलो वाढलेंच. इटलींतील सांतोरिओ या वैद्यांनीं सुमारें तीस वर्षें तराजूला टांगलेल्या खुर्चींत बसून आपलें वजन केलें, आणि खाल्लेल्या-प्यालेल्यांतील बराच भाग न दिसतां शरीरांतून निघून जातो, असें १६१४ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. यासाठीं वजन सकाळीं, शौचानंतर, कांहीं खाण्यापूर्वीं, सारख्याच कपड्यांत करावें. आणि एका दिवसाच्या आकड्यानें हुरळूं नये कीं घाबरूं नये. रुग्णाची गोष्ट निराळी. तेथें डॉक्टरांनीं घालून दिलेली मर्यादा हेंच प्रमाण.

पालकांस एक विनंति. तान्ह्या मुलास कडेवर घेऊन चढावें व आपलें वजन वजा करावें, ही युक्ति अदमासापुरती ठीक आहे. परंतु बाळाची वाढ दवाखान्यांतील लहान मुलांच्या कांट्यावरच पाहावी. वाढत्या वयाच्या मुलांचें वजन नेहमीं उंचीबरोबर आणि महिन्यां-महिन्यांच्या अंतरानें वाचावयाचें असतें. जेवणाच्या पाटावर त्यांचा आकडा काढून त्यांस हिणवूं नये.

आणि विद्यार्थ्यांनो, या सुट्टींत आपल्या घरच्या कांट्याची परीक्षा तुम्हींच घ्या. पिशवी, बादली आणि वही एवढें साहित्य पुरे. किती चूक निघाली तें कांट्याखालीं चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा, म्हणजे घरांत कोणी आजारी पडल्यास तो आकडा वाचणारा फसणार नाहीं. आमच्या घरीं आतां कांटा फरशीवर असतो, आणि आजोबा पायांत लोकरीचे मोजे घालून त्यावर चढतात.