येझदी उभी करायची, तर रंग सगळ्यात शेवटी

जिन्याखाली धूळ खात उभी असलेली जुनी जावा किंवा येझदी बाहेर काढली, की घरातले पहिले वाक्य ठरलेले असते, "आधी मस्त रंग मारून घे." नवशिक्याचे निम्मे पैसे आणि बहुतेक उत्साह इथेच खर्ची पडतो. टाकी चकाकते, मडगार्ड चकाकतात आणि मग इंजिन उघडायची वेळ आली, की त्याच ताज्या रंगावर पाना घसरतो, पेट्रोल सांडते. रंग हे शेवटचे काम आहे. त्याच्याआधी अख्खी गाडी बिनरंगाची एकदा जोडून पाहावी. बाजारातून आणलेल्या मडगार्डची भोके जुळत नाहीत, स्टँडला वेल्डिंग लागते, सायलेन्सर फुटरेस्टला घासतो, हे सगळे तेव्हाच कळते आणि तेव्हाच निस्तरता येते.

रंगाच्याही कितीतरी आधी कागद. पंधरा वर्षे उलटली की गाडी कायद्याने भंगारात जाते, ही समजूत फार घट्ट बसलेली आहे. ती मुख्यतः दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरली. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मग आरटीओत गाडी तपासून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. उलट बाजूचा गैरसमज असा, की जुनी दिसणारी प्रत्येक गाडी 'व्हिंटेज'. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे १९८५ ची येझदी रोडकिंग विकणारा तिला काहीही म्हणो, कायद्यापुढे ती अजून साधी जुनी मोटारसायकलच आहे. मला विचाराल तर नवशिक्याने अशीच घ्यावी, चालू आरसी असलेली.

शॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. जुळत नसतील तर गाडी कितीही स्वस्त मिळो, हात जोडा आणि निघा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शॅसी सँडब्लास्टिंगला आणि पावडर कोटिंगला देण्याआधी कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, आणि ती जागा झाकायला सांगा. पावडरचा थर जाड असतो. नंबर त्याखाली बुजला, तर तपासणीच्या दिवशी निरीक्षकाला काय दाखवणार?

"पार्टच मिळत नाहीत हो" हे वाक्यही तपासून घ्यावे. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून या २५० सीसी गाड्या बनवल्या, १९७३ पासून त्या येझदी नावाने निघाल्या, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पण चाहते टिकले, म्हणून पार्टही टिकले. पुण्यात नाना पेठेत, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात शोधणाऱ्याला पुष्कळ सापडते. अडचण दर्जाची आहे. नव्याने बनवलेला पार्ट जुन्या शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि जुना पार्ट गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत फेकू नका. २०१८ नंतर आलेल्या नव्या जावाचे सामान मात्र इथे उपयोगाचे नाही. तिचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि लिक्विड कूल्ड आहे, त्याचा जुन्या इंजिनाशी फक्त नावापुरता संबंध.

आता इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या गाडीची कीक हलत नसली, की लोक "इंजिन गेलं" म्हणून मोकळे होतात, किंवा कीकवर उभे राहतात. दुसरे जास्त वाईट. या गाड्यांत कीक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की तो कीक होतो. जाम इंजिनावर त्याला जोर दिला, तर आतले दाते तुटतात आणि खर्च दुप्पट होतो. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. प्लग काढा, आत डिझेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हळूच पुढे-मागे हलवा. सुटले तर उत्तम, नाही सुटले तर पुन्हा डिझेल. सिलिंडर बिडाचा आहे, बोअर करता येतो. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, आणि वरच्या मापाचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने मिळतात. फक्त क्रम सांभाळा. आधी पिस्टन विकत घ्या, तो बोअरवाल्याच्या हातात द्या आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र पुढचा, आणि तो चांगल्या चांगल्या माणसांना गोत्यात आणतो. नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या की टू-स्ट्रोक इंजिन नवे झाले, असे समजले जाते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबले जाते आणि मग वर जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद हवी. ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांचे रबरी ऑइल सील. किंमत किरकोळ, पण गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्यांचे ओठ कडक होतात. डाव्या, क्लचच्या बाजूचा सील गेला, तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळते. जमिनीवर थेंब नाही, तरी तेल कमी होत जाते आणि गाडी गरम झाली तरी पांढरा धूर थांबत नाही. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचा गेला, तर इंजिन बाहेरची हवा ओढते. मिश्रण पातळ होते, आयडलिंग बसता बसत नाही, पिकअप सोडला तरी आवाज वर चढत राहतो, आणि एखाद्या लांब चढावर नवाकोरा पिस्टन धरतो. लोक कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसतात, दोष तिथे नसतोच. इंजिन खोलले आहे तर दोन्ही सील बदलाच, जुने चांगले दिसत असले तरी. कनेक्टिंग रॉडची किट बसवणे आणि क्रँक सरळ करणे हे मात्र घरचे काम नाही, त्याला प्रेस आणि डायल गेज लागतो. तेवढे जाणत्या कारागिराकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

"ऑइल जरा जास्तच घाल, इंजिन वाचतं" हाही सल्ला असाच. लिटरमागे ४० मिली, म्हणजे १:२५, हे प्रमाण येझदीवाल्यांत रूढ आहे. त्यापेक्षा ऑइल वाढवले, तर जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल तेवढे कमी होते. म्हणजे इंजिन जपायच्या नादात मिश्रण पातळच होते, शिवाय सायलेन्सरमध्ये काजळी साचते ती वेगळीच.

पेट्रोलबद्दल दोन गोष्टी. शिसे नसलेल्या पेट्रोलने जुनी इंजिने खराब होतात, ही भीती व्हॉल्व्ह असलेल्या फोर-स्ट्रोकपुरती. या इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची काळजी मात्र खरी आहे. ते जुने रबर फुगवते आणि हवेतला ओलावा ओढते. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरचे सील नवे आणि इथेनॉल सोसणारे घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

क्रोमचे काम देताना भावापेक्षा खालच्या थराची चौकशी करा. वरचा क्रोम अगदी पातळ असतो, गंज अडवतो तो त्याच्याखालचा निकेल. निकेलमध्ये काटकसर झाली की पहिल्या पावसाळ्यातच फोड दिसू लागतात.

बोअर केल्यावर गाडी पहिले काही शे किलोमीटर सावकाश, पण एकाच वेगाने नव्हे, चढउतार देत चालवा. मधूनच थांबून प्लग काढून पाहा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर पुढे निघा. काळे आणि ओले असेल तर मिश्रण जाड आहे, घरी जाऊन जेट बघता येईल. पांढरे दिसले, तर गाडी तिथेच बंद करा आणि हवा कुठून शिरते आहे ते सापडेपर्यंत पुन्हा कीक मारू नका.