शब्दांचे द्वारपाल

भाषा बिघडली, ही हाकाटी प्रत्येक पिढीत ऐकू येते. मौज अशी की, ज्या भाषेत ही तक्रार केली जाते, ती आधीच्या पिढीच्या लेखी बिघडलेलीच असते. इंग्रजीचा इतिहास याचा उत्तम साक्षीदार आहे.

जोनाथन स्विफ्ट हा इंग्रजी गद्याचा एक श्रेष्ठ शिल्पकार. 1710 साली त्याने 'मॉब' या शब्दाविरुद्ध शस्त्र उपसले होते. लॅटिन शब्दसमूहाचे शेपूट तोडून तयार झालेले हे रूप त्यास असह्य वाटे. 1712 साली तर भाषा सुधारून ती कायमची स्थिर करण्याची योजनाच त्याने मांडली. आज 'मॉब' हा शब्द सभ्यातला सभ्य इंग्रजही निःशंकपणे वापरतो. बेंजामिन फ्रँकलिनने 1789 साली कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून 'नोटिस' व 'प्रोग्रेस' या नामांची क्रियापदे करण्यास हरकत घेतली. ती क्रियापदेही राहिलीच. या सर्वांत शहाणा ठरला तो डॉ. जॉन्सन. भाषेला बांध घालावा या हेतूने तो कोशकार्यास लागला. परंतु 1755 साली कोश प्रसिद्ध करताना, शब्दांना अमरत्व देणे कोशकाराच्या हाती नाही, हे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले.

तरीही द्वारपाल हटत नाहीत. 'डेसिमेट' म्हणजे दहांतील एकासच मारणे, कारण रोमन सैन्यात तशी शिक्षा होती, असे ते बजावतात. मूळ अर्थच प्रमाण मानावयाचा, तर 'नाइस' म्हणजे अडाणी असे म्हणावे लागेल. कारण त्या शब्दाचे लॅटिन मूळ तेच सांगते! 'आशा आहे की' या अर्थी 'होपफुली' वापरण्यावर कित्येक दशके वाद झडला. अखेर 2012 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने तो प्रयोग मान्य केला. आपल्याकडे तरी निराळे काय घडले? संस्कृतात 'राग' म्हणजे आसक्ती, मराठीत क्रोध. 'अपरोक्ष' म्हणजे खरे तर डोळ्यांसमोर. आपण तो नेमका पाठीमागे या अर्थी वापरतो, आणि कोणाचेही अडत नाही.

याचा अर्थ सारेच बदल स्वागतार्ह आहेत असा नव्हे. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःस्वार्थ आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे उदासीन, हा भेद उपयुक्त आहे. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको! असा भेद पुसला गेला तर विचाराचे एक साधन बोथट होते. त्यासाठी आग्रह धरणे योग्यच. परंतु आग्रह निराळा आणि हेटाळणी निराळी. मुलाखतीस आलेला खेड्यातील तरुण 'प्रीपोन' म्हणाला की परीक्षकांच्या ओठांवर स्मित उमटते. 'पोस्टपोन'च्या धर्तीवर भारतीयांनी रूढ केलेल्या या शब्दास ऑक्सफर्डच्या कोशांनी जागा दिली, तरी आमच्या साहेबी परीक्षकांचे समाधान होत नाही. अशा वेळी भाषेची चिंता हे निमित्त असते; खरी चिंता असते ती आपली पायरी राखण्याची.

शब्दांवर पहारा हवाच, पण तो अन्यत्र. जॉर्ज ऑर्वेलने 1946 सालच्या निबंधात दाखवून दिले की, निराधार खेड्यांवर बाँब टाकावयाचे आणि त्यास 'शांतता प्रस्थापना' म्हणावयाचे, ही भाषेची खरी विटंबना होय. गोमंतकीयांस हे निराळे समजावून सांगावयास नको. 1951 साली पोर्तुगालने घटनेत दुरुस्ती करून 'वसाहती'चे नाव 'सागरपार प्रांत' असे केले. शब्द बदलला, पण आग्वादचा तुरुंग तोच राहिला आणि सालाझारची हुकूमशाहीही तीच. त्या शब्दप्रयोगात व्याकरणाची एकही चूक नव्हती. कोणत्याही वैयाकरणाने त्यास बिनतक्रार उत्तीर्ण केले असते. तो खोटा होता, इतकेच. आणि त्याचा खोटेपणा सिद्ध होण्यास 1961 चा डिसेंबर उजाडावा लागला.

तरुणांच्या तोंडी आलेला नवा शब्द भाषेस मारीत नाही. टाकाऊ असेल तर तो आपोआप गळून पडतो. भाषा मरते ती सत्तेच्या तोंडचे शुद्ध, गुळगुळीत शब्द न तपासता स्वीकारल्याने. द्वारपालांनी आपली दृष्टी तिकडे वळवावी. तेथे त्यांची फार गरज आहे.